काजळीची साय

काचेच्या नळीत ठेवलेल्या चकतीवर लेझरचा ठिपका पडला होता आणि तेवढीच जागा तापून लाल झाली होती. बाजूने वायू वाहत होता. त्यातला कार्बन चकतीवर उतरावा, त्यातून केसाहून कितीतरी बारीक नळ्या उगवाव्यात आणि त्यांचा एकसंध पापुद्रा व्हावा, म्हणून मी आणि वैशाली कित्येक महिने प्रयोगशाळेत झटत होतो. मिळत होती ती नुसती काजळी. बोट लावलं की बोटाला यायची. "आजही काजळच पाडलंत ना?" शेजारच्या खोलीतले विचारायचे.

आजची चकतीही तशीच काळीकुट्ट निघाली. सवयीने मी चिमट्याने कड उचलून पाहिली, आणि दुधावरची साय यावी तसा अख्खा पापुद्रा अलगद वर आला! फुंकर मारली तर थरथरला, पण फाटला नाही.

काजळीही कार्बनच, हाही कार्बनच. तिथे कण एकमेकांवर नुसते येऊन पडले होते. इथे त्यांनी एकमेकांना घट्ट धरलं होतं. जिंकायला काही वेगळ्या मातीचं असावं लागत नाही म्हणायचं!

"बघू, बघू!" वैशाली ओरडली. कालच्या फसलेल्या चकतीवर तिने बोट घासलं. पापुद्रा आधीच काळा, त्याला तीट कुठे लावणार? म्हणून तिने ती माझ्या गालाला लावली, स्वतःच्या लावली, यंत्राच्याही पत्र्याला लावली.

"दृष्ट लागेल गं," ती म्हणाली. "एवढं काजळ काय उगाच पाडलं आपण?"