आईनं मिलच्या गेटवरून हाक मारली

आधीच सांगते, मी बँकेतली बाई. व्हाउचर दाखवल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. भुताखेतांचे किस्से सुरू झाले की मला जांभया येतात. पण हे माझ्या वडिलांच्या बाबतीत घडलंय, त्यामुळे थापा म्हणून सोडूनही देता येत नाही...

आम्ही परळला चाळीत राहायचो. बाबा मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. संपाला वर्ष उलटून गेलं होतं. एका सकाळी गेटवर लाठीमार झाला, पळापळीत बाबा पडले. घरी आणलं तेव्हा अंगावर साधा ओरखडा नव्हता — पण माणूस गप्प. भरवलं तर खायचे, बसवलं तर बसायचे. "शॉक आहे, होतील बरे," डॉक्टर म्हणाले. कसले बरे होतायत! महिने गेले, बाबा वाळत चालले. आता हे जातात की काय, असंच वाटायचं.

शेजारचे विष्णूकाका बोटीवर खलाशी. एकदा आजारी पडून ते सुमात्रात अडकले होते, तिथल्या कारो लोकांनी त्यांना सांभाळलं. ते आईला म्हणाले, "वहिनी, माणूस दचकला की त्याचा जीव तिथंच मागे राहतो, असं ते लोक मानतात. तेंदी म्हणतात त्याला. मग त्यांच्यातली जाणती बाई त्याला नावानं हाक मारून परत आणते. डोक्यावर कच्चे तांदूळ ठेवते... जीव तसा टणक व्हावा, पुन्हा हलू नये म्हणून."

"काका, काहीतरीच काय!" मी म्हटलं. आईनं मात्र वाटीत तांदूळ घेतलेसुद्धा.

दिवेलागणीला आम्ही तिघं मिलच्या बंद गेटपाशी उभे. आत मिट्ट काळोख. आईनं पदर सावरला आणि हाक मारली, "अहो... घराक चला!"

आतून कुणीतरी खोकलं.

वॉचमन असेल म्हणून मी फटीतून पाहिलं — केबिनला बाहेरून कुलूप होतं.

परतताना काका एकदम थांबले. "वहिनी, नाव का नाही घेतलंत?"

"अगो बाय! घोवाचा नाव कसा घेवचा?"

काकांचा चेहराच उतरला. "त्या गेटवर काय तो एकटाच दचकला होता?"

आई झपाझप घराकडे चालू लागली.

आईनं बाबांच्या डोक्यावर चिमूटभर तांदूळ ठेवले. बाबांनी मान वर केली, आमच्याकडे नीट बघितलं. इतक्या महिन्यांनी! मला रडूच फुटलं. मग ते आईला अगदी अदबीनं म्हणाले, "वहिनी, घोटभर पाणी मिळेल?"

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, पुन्हा जाऊ, या वेळी नाव घेऊन. आई ताडकन म्हणाली, "आणि ह्यो पण गेलो तर? ह्यो जेवता, बोलता. माका आता परीक्षा बघूची नाय."

ती गेली नाही.

बाबा पुढे हिंदमाताला साडीच्या दुकानात लागले. मला शिकवलं, माझं लग्न लावलं. माणूस लाखमोलाचा, खोटं कशाला बोलू? धक्क्यानं स्मृती जाते, असं डॉक्टर म्हणतात. असेलही. मीसुद्धा स्वतःला तेच सांगते, पण पटत नाही.

आई गेली तेव्हा बाबा धाय मोकलून रडले. मी पाठीवर हात ठेवला, तर म्हणाले, "तुझ्या आईनं मला एक दिवस परकं वाटू दिलं नाही गं..."