पारगावच्या उतारावरचा वड

हे लिहायला बसायचं आणि काहीतरी निमित्त काढून उठायचं, असं बरीच वर्षं चाललं. बेळगावच्या सफरीची गोष्ट मी घरात कितीदा तरी सांगितली आहे. पण पारगावची नदी आली की मी तिथून भराभर पुढे सरकायचो. "तिथं जरा पाण्यात पडलो," एवढंच. नातवंडं हसायची आणि गोष्ट पुढे जायची. आता ऐंशी उलटून गेली. त्या नदीपाशी थांबून सगळं सांगायला हवं, कारण खरं काय झालं ते माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे.

एकोणीसशे साठच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी शिरूरला मोजणी कार्यालयात नकाशे काढायचो. घर दौंडला, वडील रेल्वेत. दौंडचाच माझा शाळेतला दोस्त रेल्वेच्या इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन होता. विलायतेला निघालेल्या एका गोऱ्या ड्रायव्हरची मोटरसायकल त्यानं घेतली होती आणि सुट्टी मिळाली की तो ती फटफटी उडवत शिरूरला यायचा. एकदा येताना त्यानं एक छापील पत्रक आणलं. बेळगावला मोटरसायकलवाल्यांचा मेळावा भरणार होता, जानेवारीत. त्यात एक गमतीची अट होती. मोठ्या सडकेनं यायचं नाही. आडवाटेनं, देखण्या वाटेनं यायचं आणि आलेल्या वाटेचा हातानं काढलेला नकाशा बरोबर आणायचा.

"तू नकाशे काढतोस ना? मग काढ," दोस्त म्हणाला.

"अरे, पण वाट कुणाला माहीत आहे?"

"मिस्त्रीला. आणखी कुणाला?"

शिरूरच्या बाजारपेठेच्या टोकाला मिस्त्रींचं दुकान होतं. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या शिरूरचं, मुसलमान. विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. त्यासाठी पाना-हातोडीची पिशवी घेऊन ते भीमा आणि घोड या नद्यांच्या काठानं गावोगाव हिंडायचे. पण गाव त्यांना ओळखायचं ते वाटांसाठी. वऱ्हाडाची बैलगाडी असो, बियाणं विकणारा असो की बदलून आलेला मास्तर असो, स्टँडवर कुणी आडगावचा रस्ता विचारला की उत्तर ठरलेलं, "मिस्त्रीला विचारा." मग मिस्त्री हातातलं काम ठेवून दारातल्या फरशीवर खडूनं वाट काढून द्यायचे. त्यांनी सांगितलेली वाट चुकली असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. इंजिन चालू झालं की ते मान डोलवायचे, पण वाट बरोबर निघाली असं कुणी येऊन सांगितलं की त्यांचा चेहरा दिवसभर खुललेला असायचा.

बेळगाव म्हटल्यावर ते आधी हसले. "मी कवा फलटणच्या पल्याड गेलो न्हाई, भाऊसाहेब." आणि लगेच म्हणाले, "पर जमवू."

त्यांनी ती वाट दोन-अडीच महिने जमवली. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात ते मुद्दाम जाऊन बसत. मिरच्या, गूळ, कांदे घेऊन आलेले गाडीवान, मेंढरं घेऊन खाली उतरलेले धनगर, सगळ्यांना एकच प्रश्न विचारत. एकदा मी बरोबर होतो. मला वाटलं, ते रस्ता कसा आहे, ओढे किती आहेत असं विचारतील. तेही त्यांनी विचारलं. पण आधी विचारलं, "आप्पा, बैल दमल्याली नसताना, पानी प्यायचं नसताना, तुम्ही उगंच कुठं गाडी थांबिवता?"

म्हातारा गाडीवान बघतच राहिला. मग जरा लाजून म्हणाला, "सुप्याच्या माळावर थांबतो की. सकाळच्याला हरणं असत्यात तितं."

"झालं," मिस्त्री मला म्हणाले. "सुपं लिवा."

अशी ती वाट झाली. न्हावरा, पारगाव, चौफुला, सुप्याचा माळ, मोरगाव, नीरेच्या कालव्याची सावली, फलटण, मोगराळ्याचा घाट आणि तिथून खाली हळदीच्या मुलखातून चिकोडीकडे. कुठं कुणी उगीच थांबतं त्या जागा एकाला एक जोडलेल्या. पेट्रोल कुठल्या तालुक्याला मिळेल, ओढ्यावरच्या कुठल्या फरशीवर शेवाळ असतं, तेही त्यात होतं.

वाट सांगायची त्यांची एक रीत होती. ती त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून दिली, हे मला इथे नीट लिहिलं पाहिजे.

"मी सांगतो ती गाडीवानाची वाट हाय, भाऊसाहेब. ती परतीची असती. जाताना मानूस जागा असतो, इचारत जातो. येताना माल इकल्याला, पोट भरल्यालं, डोळा लागतो. म्हनून गाडीवान वाट पाठ करतो ती घराकडं येतानाची. तवा मी डावं सांगितलं की तुम्ही जाताना उजवं धरायचं. समदं उलटं करून लिवा."

मी तसंच करत गेलो. ते परतीचं सांगायचे, मी जाण्याचं लिहायचो. पारगावच्या उताराची, म्हणजे भीमा पायी ओलांडायच्या जागेची खूण त्यांनी सांगितली ती अशी : पारगावच्या काठावर एक वड आहे, तो डाव्या हाताला ठेवून पाण्यात उतरायचं. गुडघाभर पाणी, खाली खडक. वडाच्या दुसऱ्या अंगाला डोह.

पक्का नकाशा मी कार्यालयातच शाईनं काढत होतो. पारगावपाशी आलो आणि साहेब आत आले. कागद खणात सरकवला. तासाभरानं काढला तेव्हा वाटलं, इथलं डावं-उजवं आपण बदललंय. बदललं नव्हतं.

तयार नकाशा घेऊन गेलो तेव्हा मिस्त्रींनी तो दोन्ही हातांनी धरला. अक्षर लावत लावत वाचणारा माणूस. म्हणाले, "लई देखना झालाय. एकदा मोठ्यानं वाचून दावा. कानानं ऐकलं की मला कळतं."

मला दौंडची गाडी गाठायची होती. मी म्हणालो, "मिस्त्री, मी मोजणी खात्यात आहे."

"व्हय व्हय," ते हसले. "तुमचं शिक्षान जास्त."

ते स्वतः येणार नव्हते. जानेवारीत गहू-कांद्याला पाणी चालू असतं, इंजिन बंद पडलं तर लोक धावत येतात. पण त्यांनी मला आपली फटफटी दिली. नगरच्या लष्करी लिलावातल्या तीन मोडक्या गाड्यांतून त्यांनी ती एक उभी केली होती. टाकीवरून हात फिरवून म्हणाले, "हिला घाई आवडत न्हाई. आन् आल्यावर मला समदं सांगायचं. कुठं थांबलात ते."

आम्ही दोघं दोन गाड्यांवर निघालो. न्हावऱ्यापर्यंत ज्वारी डोक्याएवढी उभी होती. अंगाला गारवा, मनात आनंद. नदीवर आलो. या काठाला वाळू, चाकोऱ्या फाकून दिसेनाशा झालेल्या. समोरच्या काठावर वड. मी नकाशा पाहिला आणि वड डाव्या हाताला घेतला.

पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका हात हलवून ओरडत होत्या. फटफटीच्या आवाजात काही ऐकू येईना. मला वाटलं, गाडी बघून हात करताहेत. मीही हात केला.

पुढचं चाक खाली गेलं ते गेलंच. मी गळ्यापर्यंत आणि मिस्त्रींची गाडी पूर्ण पाण्यात. मागून येणारा दोस्त काठावरच थांबला, म्हणून त्याची वाचली. बायकांच्या आरोळ्यांनी गुऱ्हाळावरची माणसं धावली. दोर लावून गाडी काढली, नंतर दोस्ताचीही चांगल्या उतारावरून ढकलत आणली. रस उकळायच्या चुलाणापाशी नेऊन आम्हाला उसाच्या चिपाडांवर बसवलं, वाटीत गरम काकवी दिली. दोस्तानं गाडी खोलली, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो सुटा करून चुलाणाच्या उबेला सुकत ठेवला.

"लेका, तुझी आंघोळ राहिली होती का सकाळी?" तो म्हणाला. सगळे हसले.

गुऱ्हाळावरच्या एका आबांनी विचारलं, "पर पाव्हनं, डोहात गाडी घालायला सांगितलं कुनी?"

मी ओला, थंडीनं कुडकुडत होतो. म्हणालो, "शिरूरच्या मिस्त्रींनी सांगितलेली वाट आहे."

"कोन, त्यो इंजिनवाला?" आबा इतरांकडे बघत म्हणाले. "आमचं इंजिन त्योच करतो की. आन् त्याला उतार ठावं न्हाई व्हय?"

त्या घडीला मला खरंच चूक मिस्त्रींची वाटत होती. तेवढं माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे, अधिक नाही.

दुपारी गाडी चालू झाली. त्यानंतर बेळगावपर्यंत एकदाही वाट चुकली नाही. सुप्याच्या माळावर सकाळी हरणं होती. मोगराळ्याच्या घाटात गाडीवानानं सांगितलेल्या वळणावर आम्ही उगीच थांबलो आणि खाली सबंध फलटणचा मुलूख उन्हात पसरलेला दिसला. दोस्तानं गाडी बंद करून टाकली. पुढे हळद शिजत होती, तिचा वास मैलभर बरोबर आला. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. पुढे नोकरीत पुष्कळ फिरलो, बायकोला घेऊनही फिरलो, आणि प्रत्येक ठिकाणी गाडीवानांना, ट्रकवाल्यांना मी मिस्त्रींचाच प्रश्न विचारला. त्या एका प्रश्नानं मला जेवढं दाखवलं तेवढं कार्यालयातल्या कुठल्या नकाशानं दाखवलं नाही. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, ते आठवले की आजही मन भरून येतं.

बेळगावला नकाशा भिंतीवर लावला गेला. लोक वहीत उतरवून घेत होते. कुणी विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हणालो, "माझा." काढला होता मीच, म्हणून ते खोटं नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली.

परतताना चौफुल्याला दोस्त पाटसवरून दौंडला वळला. मी एकटा पारगावच्या काठावर आलो. वड माझ्या शेजारीच होता. आता मी घराकडे चाललो होतो आणि मिस्त्रींचे शब्द जसेच्या तसे कानात आले : वड डाव्या हाताला ठेवून उतरायचं. मी ठेवला. गुडघाभर पाणी, खाली खडक. चाक ओलं झालं तेवढंच. पलीकडे जाऊन मी नकाशा काढला, आणि वाळूत उभा राहून बराच वेळ माझं स्वतःचं अक्षर वाचत राहिलो.

न्हावऱ्यापासून शिरूरपर्यंत मी ठरवत आलो, गेल्या गेल्या सांगायचं.

पण पारगावची गोष्ट गुळाच्या गाड्यांबरोबर माझ्या आधीच शिरूरला पोचली होती. मिस्त्री दारातच उभे होते. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही. माझा हात धरला.

"भाऊसाहेब, माझ्याकडनं सांगन्यात चूक झाली. तुमच्या जीवावर बेतलं हुतं. चार दिस झोप न्हाई मला. माफ करा."

दुकानात दोन गाडीवान बसले होते. ते माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "असू द्या, मिस्त्री."

म्हणजे मी त्यांना माफ केलं.

त्यानंतर बाजारात थट्टा सुरू झाली. "मिस्त्री, वाट सांगताय, पर पवायला येत न्हाई आमाला!" ते हसून घ्यायचे. पण काही दिवसांनी पाहिलं, फरशीवर खडूची रेघ नव्हती. एका परक्या माणसानं आंबळ्याचा रस्ता विचारला, तर मान वर न करता म्हणाले, "मला न्हाई ठावं. स्टँडवर इचारा." आंबळ्याच्या विहिरीवर ते आदल्याच दिवशी जाऊन आले होते. मी तिथंच बाकावर बसलो होतो.

वर्षभरात माझी बदली झाली.

पुढे बऱ्याच वर्षांनी एकदा मुद्दाम गेलो, तो नकाशा खिशात घालून. मिस्त्री थकले होते, दुकान मुलगा बघत होता. त्यांनी आतून चहा मागवला, शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, "ते बेळगाव कसं हुतं? तुम्ही सांगितलंच न्हाई कवा."

खरंच सांगितलं नव्हतं. मग मी बेळगावपासून सांगायला लागलो, त्यांच्याच रीतीनं, परतीची वाट. चिकोडी, हळद, घाटातलं वळण, कालव्याची सावली, हरणं. ते डोळे मिटून ऐकत होते, मधूनच बोटानं मांडीवर रेघ ओढत होते. चौफुला झालं. पारगाव आलं. त्यांनी डोळे उघडले आणि स्वतःच घाईनं म्हणाले, "तितं माझी चूक झाली, ते ऱ्हाऊ द्या. म्होरं सांगा."

मी पुढचं सांगितलं. न्हावरा सांगितला, ज्वारी सांगितली. नकाशा खिशातच राहिला. पुन्हा येईन तेव्हा नक्की, असं म्हणत एस्टीत बसलो. पुन्हा गेलो तेव्हा मिस्त्री नव्हते. त्यांच्या मुलाला सांगायला हवं होतं, तेही जमलं नाही.

म्हणून इथे लिहितो. मिस्त्री, तुम्ही वड डाव्या हाताला सांगितला होता. परतीचा सांगितला होता, आणि उलटा करून लिहा हेही सांगितलं होतं. वाचून दाखवा म्हणालात, मी दाखवलं नाही. तुमची वाट बेळगावपासून शिरूरपर्यंत कुठेही चुकलेली नाही. माफी तुम्ही मागायची नव्हती, मी मागायची होती. मला माफ करा.