मधला आकडा मोठा

माझा भाऊ दुसरीत होता तेव्हा त्यानं झाडाचं खोड हिरवं रंगवलं आणि पानं तपकिरी. बाईंनी वही उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवली आणि वर्ग हसला. घरी आला तो दप्तर न उतरवताच माझ्याजवळ येऊन बसला आणि विचारायला लागला, खोडाचा आणि पानाचा रंग वेगळा असतो का?

मी तेव्हा सहावीत होते. मला वाटलं चेष्टा करतोय. म्हणून पेटीतले तांबडा, हिरवा आणि तपकिरी असे तीन खडू काढून त्याच्यापुढं ठेवले आणि हिरवा दे म्हटलं. त्यानं एकेक उचलून वरच्या कागदावरचं नाव वाचलं आणि बरोबर हिरवा दिला. मग मी तिन्ही खडूंचे कागद सोलून टाकले आणि पुन्हा मागितला. या वेळी तो नुसता बघत राहिला. शेवटी मलाच विचारलं, न वाचता तुला कसं कळतं?

त्याची समजूत अशी होती की रंग सगळ्यांनाच पाठ करावे लागतात, पाढ्यांसारखे, आणि त्याचेच तेवढे पाठ होत नाहीत. अप्पांना सांगू नको, ते मला ढ म्हणतील, एवढंच त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

मी सांगितलं नाही. अप्पांच्या दाढीच्या जुन्या पात्यानं मी खडूंना खाचा पाडून दिल्या. तांबड्याला एक, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन. तो अंगठ्यानं खाच चाचपून खडू उचलायचा. तिसरीत त्याच्या चित्राला पहिल्यांदा चांगला शेरा मिळाला, आणि आपण फार मोठं काही केलं असं मला वाटलं. मंडईत टोमॅटो आणायला पाठवलं की तो एकेक दाबून पिकलेला ओळखायचा. पोरगा बाजार चांगला करतो, असं आमची आई, अव्वा, शेजारणींना सांगायची. अशा रीतीनं आमच्या शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात, चार माणसांपैकी दोघांना ही गोष्ट पंधरा वर्षं कळली नाही.

अप्पा मार्केट यार्डात एका अडत दुकानात तोलार होते, पोती वाहायची आणि तोलायची. मूळचे मंगळवेढ्याकडचे. ज्वारी मुठीत घेऊन ती कुठल्या रानातली आहे ते सांगायचे. आपल्या पाठीवर पोती आली तशी पोराच्या पाठीवर येऊ नयेत, हा त्यांचा एकच ध्यास होता, आणि त्यासाठी त्यांच्या डोळ्यांपुढं रेल्वे होती. सोलापुरात घराघरात कुणी ना कुणी रेल्वेत असतो, त्याचं घर पक्कं असतं, त्याच्या मुलांची लग्नं वेळेवर होतात. भावानं आयटीआय केलं, दोन वर्षं अभ्यास केला आणि रेल्वेच्या सहायक चालकाच्या जागेसाठी अर्ज भरायचं ठरवलं.

अर्ज मी भरला. मी तेव्हा एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करत होते आणि घरी एक जुना कॉम्प्युटर होता. तो माझ्या खुर्चीमागं उभा राहून फुटाणे खात होता. दृष्टी निर्दोष असली पाहिजे, अशी एक ओळ आली. मी ती मोठ्यानं वाचली. तो म्हणाला, माझी हायच की, चौकाच्या त्या टोकाची एसटीची पाटी मला हितनं दिसते. मी मागं वळून त्याच्याकडं बघितलं. खरंच त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं; रंग न कळणं हा डोळ्यांचा दोष आहे, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. आणि मी? मी स्वतःला सांगितलं की सिग्नलमधला तांबडा दिवा कुठल्या जागी आणि हिरवा कुठल्या जागी, हे ठरलेलं असतं, तो जागेवरून ओळखेल. मी पुढच्या रकान्यावर गेले.

लेखी परीक्षेत तो पास झाला. अप्पांनी पूर्ण गल्लीत पेढे वाटले. मग वैद्यकीय तपासणी झाली. त्याला ठिपक्यांचं एक पुस्तक दाखवलं आणि ठिपक्यांत कोणता आकडा दिसतो ते विचारलं. त्याला नुसते ठिपके दिसत होते. दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. दुपारी तो घरी आला आणि भिंतीला टेकून बसला.

अप्पांचा विश्वासच बसेना. एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं ते अव्वाला पुन्हा पुन्हा विचारत होते. मग त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"तुला ठावं होतं?"

"व्हय, अप्पा."

"कवापासनं?"

"तो दुसरीत असल्यापासनं."

ते उठून दारापर्यंत गेले, परत आले. मग म्हणाले, "आदी सांगितलं असतंस तर त्याला दुसऱ्या वाटंला लावला असता."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर कितीतरी महिने ते माझ्याशी कामापुरतं बोलत, शेजाऱ्याच्या मुलीशी बोलावं तसं. भावानं मात्र मला कधी दोष दिला नाही. तो एका हार्डवेअरच्या दुकानात लागला. नट, बोल्ट, खिळे, सगळं मापावर चालायचं, तिथं रंगाशी काही संबंध नव्हता. तो सांगायचा, मालक माझ्यावर खूश आहे. मी विषय वाढवत नसे.

त्याच सुमारास मी फ्लेक्सचं काम सोडलं आणि पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागले, स्क्रीनवर, पेन टॅबलेट घेऊन. व्हिडिओ बघून बघून शिकले. पुण्याच्या एका प्रकाशकानं लहान मुलांच्या गोष्टीचं मुखपृष्ठ दिलं. हिरव्या भिंतीपुढं उभी असलेली, तांबडा फ्रॉक घातलेली मुलगी मी काढली आणि मला ती फार आवडली. भाऊ दुकानातून आला होता. त्याला दाखवली.

तो वाकून बघत राहिला. "अक्का, मुलगी कुटंय?"

मी चिडले. मग विचार करून चित्रातले सगळे रंग काढून टाकले, नुसतं काळं-पांढरं ठेवलं. फ्रॉक आणि भिंत एकच करडी झाली होती. मुलगी खरंच नव्हती. तांबड्या-हिरव्याच्या भांडणावर मी चित्र उभं केलं होतं, उजेड आणि सावली यांचा मी विचारच केला नव्हता. पुढं मला कळलं की चांगले चित्रकार मध्ये मध्ये रंग काढून चित्र असं तपासतातच. पण मला ते शिकवलं माझ्या भावानं, आणि त्यानंतर त्याला दाखवल्याशिवाय मी एकही चित्र पाठवलं नाही. तुमच्या चित्रात उजेड चांगला असतो, असं प्रकाशक म्हणायचे.

मग तो स्वतःच चित्रं काढायला बसायला लागला. स्क्रीनवरचा प्रत्येक रंग तीन आकड्यांचा असतो, पहिला तांबड्याचा, दुसरा हिरव्याचा, तिसरा निळ्याचा, हे मी त्याला दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. मोजता येईल अशी गोष्ट त्याला हवीच होती. कोणत्याही जागेवर पेन टेकवायचा, आकडे वाचायचे. "मधला आकडा मोठा तर पान," तो म्हणायचा, "पहिला मोठा तर कुंकू." रोज संध्याकाळी आणि रविवारी दुपारीही आम्ही शेजारी शेजारी बसायचो. अव्वा कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिथंच आणून द्यायची. त्याची चित्रं साधी होती, दुकान, सायकल, तलावाकाठचं झाड, पण त्यांतले रंग एकदम बरोबर, इतके बरोबर की त्यांत जीव नसायचा. मी ते त्याला बोलले नाही.

एकदा काम करता करता त्यानं विचारलं, "तुला तांबडा आणि हिरवा किती वेगळा दिसतो? गूळ-काकवीएवढा, का मीठ-साखरंएवढा?"

"मीठ-साखरंएवढा."

त्यानं स्क्रीनवरून नजर काढली. "मग लई राहिलं की माझं," म्हणाला, आणि पुन्हा आकडे बघायला लागला.

अशी सात-आठ वर्षं गेली. अप्पा त्याच्यासाठी मुली बघत होते. त्याची भूक कमी झाली, जिना चढताना तो मध्ये थांबायला लागला. उन्हाळा आहे, दुकानात उभं राहावं लागतं, असं आम्ही म्हणत होतो. मंगळवेढ्याहून मामा आला. सहा महिन्यांनी येत होता. दारातच भाच्याकडं बघून तो अव्वाला म्हणाला, ह्याचं तोंड पांढरंफटक पडलंय, तुमाला दिसत न्हाय का?

मला दिसलं नव्हतं. गालाच्या रंगाखाली किती हिरवा घालायचा, ओठ आणि गाल यांत किती फरक ठेवायचा, यावर मी दिवसचे दिवस घालवत होते. डोळा कुठलाही रंग एकटा बघत नाही, शेजारच्या रंगावरून ठरवतो, हे मला पुरतं माहीत होतं. आणि माझा भाऊ रोज संध्याकाळी माझ्या शेजारी, स्क्रीनच्या निळसर उजेडात बसत होता. त्या उजेडात सगळेच पांढरे दिसतात. शिवाय तो रोज थोडा थोडा पांढरा होत गेला. रोज बघणाऱ्याला तेवढं कळत नाही. मी हे कारण म्हणून सांगत नाही. असं झालं, एवढंच.

रक्त तपासलं, ते फारच कमी निघालं. मग दुर्बिणीनं आतडं तपासलं. आतड्यात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टरांच्या खोलीत तो आणि अप्पा खुर्च्यांवर बसले होते, मी मागं उभी होते. डॉक्टरांनी त्याला शांतपणे विचारलं, संडासातून रक्त जात होतं का, किती दिवसांपासून? तो म्हणाला, कधी दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, असं होत नाही, एवढी गाठ असताना वर्षभर तरी जात असणार, आठवून बघा. तो खरंच आठवायला लागला. कपाळाला आठ्या घालून, परीक्षेत बसल्यासारखा.

"डॉक्टर, त्याला तांबडा रंग कळत नाही," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कुणी न विचारता ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदाच परक्या माणसाला सांगत होते. अप्पांनी मागं वळून बघितलं नाही. त्यांचा हात भावाच्या गुडघ्यावर होता, तो तसाच राहिला.

मी नंतर एकटीनं जाऊन डॉक्टरांना विचारलं, आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, अशी गणितं आता मांडू नका. ते चांगले होते म्हणून तसं म्हणाले, हे मला कळलं.

पुढं आठ महिने तो होता. औषध चढवायच्या दिवशी दवाखान्यात जायचं, चार दिवस उलट्या, मग थोडं बरं. मी माझा जुना टॅबलेट त्याला दिला होता. सुरुवातीला तो आकडे बघत काढायचा. मग ताकद कमी झाली आणि त्यानं आकडे बघणं सोडलं. एका सकाळी खिडकीला उशी लावून बसला होता. त्यानं मला हाक मारून चित्र दाखवलं. मंगळवेढ्याच्या वाटेवरचं ज्वारीचं रान, हुरड्याच्या दिवसांतलं. आभाळ निळं, बांधावर पिवळं ऊन. आणि रानातली पानं निम्मी हिरवी, निम्मी तांबडी, मध्ये मध्ये विटकरी, जिथं हात गेला तिथला रंग उचललेला. जागोजागी पेट घेतल्यासारखं रान. पण वारा होता त्यात. ज्वारीची ताटं एका बाजूला कलली होती, कणसांचं वजन कळत होतं.

"बरोबर हाय का?" त्यानं विचारलं.

लहानपणापासून या प्रश्नाला मी त्याला खडू बदलून देत आले होते. हो म्हणणं सोपं होतं. पण मला ते म्हणवेना.

"निम्मी पानं तांबडी झाल्यात," मी म्हणाले. "पण मी आजवर असं रान काढू शकले नाही."

तो हसला. "असू दे," म्हणाला. "मला एकच रान दिसतंय."

ते त्याचं शेवटचं चित्र. तीन आठवड्यांनी, सकाळी अव्वा चहा घेऊन गेली तेव्हा तो गेलेला होता. तो गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

त्याचा फोटो लावायचा म्हणून मी छापायला दिला तेव्हा ते रानही छापायला दिलं. छापणारा माणूस स्क्रीनकडं बघून म्हणाला, ताई, रंग बिघडलेत, नीट करून देऊ का? मी नको म्हटलं. त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा नको म्हटलं.

अप्पांनी फोटो अव्वाच्या देव्हाऱ्याशेजारी लावला आणि ते रान आपल्या खाटेसमोरच्या भिंतीवर. आता ते यार्डात जात नाहीत. दिवसभर समोर बघत पडून असतात. परवा दुपारी मी पाणी द्यायला गेले तेव्हा म्हणाले, बस जरा. मी खाटेच्या कडेला बसले.

"त्याला रान असं दिसायचं व्हय?" त्यांनी विचारलं.

मी सांगायचा प्रयत्न केला. असं नाही, अप्पा. आपल्याला यात तांबडी पानं वेगळी दिसतात. त्याला ती वेगळी दिसत नव्हती. खरं रान आणि हे रान त्याला सारखंच दिसायचं, पण ते कसं, ते या चित्रावरून आपल्याला कळणार नाही. ते त्याच्याबरोबर गेलं.

त्यांना किती समजलं कुणास ठाऊक. ते चित्राकडं बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "मीबी त्याला कदी इचारलं न्हाय, तुला काय दिसतं म्हणून. नोकरी गेली, त्येच धरून बसलो."

मग त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला, दोन घोट घेतले, आणि पुस्तकाचं काम कुठवर आलं ते विचारलं. मी म्हटलं, चाललंय. खरं तर मुखपृष्ठ दोन महिने अर्धंच आहे. रंग भरून होतात, उजेडही बरा असतो, पण पाठवायची वेळ आली की मी कुणाला तरी दाखवायचं म्हणून थांबते.