फ्लेमिंगोंचं खाणं

प्राणिसंग्रहालयाच्या स्वयंपाकघरात सगळे तिला मावशी म्हणायचे. एकोणीस वर्षं फ्लेमिंगोंचं खाणं तिच्याकडे होतं. वडील मिठागरात मजूर, त्यामुळे मोकळे फ्लेमिंगो कसे खातात हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. पायांनी चिखल ढवळायचा, चोच उलटी करून पाण्यात बुडवायची, जिभेने पाणी आतबाहेर करायचं आणि चोचीच्या कडेच्या गाळणीत अडकलेलं शेवाळ नि बारीक कोळंबी गिळायची. अंगावर गुलाबी रंग चढतो तो याच खाण्यातून.

म्हणून ती सुकी कोळंबी वाटून, शेवाळाची पूड मिसळून, उथळ पाण्यात कालवून द्यायची.

मग नवे साहेब आले. त्यांनी कोरड्या गोळ्या आणि पत्र्याची टोपली आणवली.

“साहेब, हा नुसता मक्याचा भुगा आहे. शिवाय पाण्याशिवाय त्यांना खाता येत नाही.”

“कोंबड्या खातात ना?”

“या कोंबड्या नाहीत.”

“मावशी, तुमचं शिक्षण किती?”

“चौथी.”

साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून तिला माकडांची भांडी घासायला लावलं. एकदा घरून डब्यात कोळंबी वाटून आणली, तर पहारेकऱ्याने चुगली केली आणि लेखी ताकीद हातात पडली.

वर्षभरात पक्षी पांढरेफटक पडले. लोक तक्रार करू लागले, फ्लेमिंगो म्हणून बगळे दाखवता का. साहेबांनी खाणं बदललं नाही, तळ्यावरच्या छपराला लाल दिवे लावून घेतले.

सुट्टीच्या दिवशी मावशीची मुलगी बघायला आली. दोघी कठड्याशी उभ्या राहिल्या.

“आई, उगाच जीव जाळून घेतलास. आला की रंग परत.”

“माझ्या केसांनाही आलाय बघ,” मावशी म्हणाली.

मुलीने वर दिव्यांकडे पाहिलं.

त्या हिवाळ्यात चौदांपैकी पाच पक्षी हाडांचे सापळे होऊन मेले. अहवालात कारण लिहिलं, वार्धक्य. फ्लेमिंगो तीस-तीस वर्षं सहज जगतो. त्या पाचांतले दोन मावशीने स्वतःच्या हाताने भरवून वाढवले होते. त्यांना सहावं वर्ष चालू होतं.