फॅरर पार्कच्या मैदानावर आप्पा

माझे आजोबा सिंगापूरला आले ते परत गेलेच नाहीत. पुढे साठ-पासष्ट वर्षांनी मी इथे बँकेतल्या नोकरीसाठी आले आणि इथलीच झाले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला अडवलं नाही. पण मी कितीदा बोलावलं तरी ते कधी आले नाहीत. "बघू पुढच्या साली," एवढंच म्हणायचे.

आजोबा इंग्रजांच्या फौजेत, पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. ते साताऱ्याहून निघाले तेव्हा आप्पा आजीच्या पोटात होते. बापलेकांनी एकमेकांना पाहिलंच नाही. लढाई संपल्यावर शेजारच्या गावचा त्यांचा एक सोबती जिवंत परतला, आणि घराला जे काही कळलं ते त्याच्याच तोंडून. मलायातून मागे हटताना, पूल उडवत उडवत ते खाली आले. बेटावर आल्यावर पुढे समुद्र. मग साहेबानं हत्यारं टाकली. हिंदी शिपायांना गोऱ्यांपासून वेगळं काढून एका मोठ्या मैदानात नेलं आणि जपान्यांच्या ताब्यात दिलं. तिथं आपल्याच एका अधिकाऱ्यानं विचारलं, इंग्रजांविरुद्ध लढायला कोण येतो? हात वर करा.

"आणि ह्यांनी?" आजीनं विचारलं.

"माझ्या शेजारीच होता, वहिनी. पण टोप्या उडत होत्या, गलका चालला होता. मला न्हाई दिसलं."

त्यानंतर दोघांची ताटातूट झाली. बास, एवढंच.

गावात काहीजण म्हणत, ते स्वातंत्र्यासाठी लढायला ब्रह्मदेशात गेले. काही म्हणत, नाही म्हणाले म्हणून जपान्यांनी बोटीत घालून कुठल्याशा बेटावर मजुरीला नेलं. आजीनं दोन्हींतलं काहीच धरलं नाही. तिनं कुंकू पुसलं नाही. भाऊबंद श्राद्धाचं बोलले की ती उसळायची, "गेल्याचं कुणी सांगितलंय का? जित्या माणसाला पाणी सोडता व्हय?" ती गेली तेव्हा तिला मळवट भरून नेली. ती डोळ्यांआड होईपर्यंत आप्पांनी वडिलांचं काही केलं नाही, आणि नंतरही धीर झाला नाही.

गेल्या वर्षी मात्र त्यांचा फोन आला. "तिकीट काढ. आता माझ्यानं लांबवणं व्हायचं न्हाई." ऐंशी कधीच ओलांडली होती. नवरा जहाजावर इंजिनिअर, तेव्हा तो समुद्रावर होता. बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी, माझी लेक आणि आप्पा.

लेक इथल्या शाळेत शिकलेली. लढाईचा धडा तिला तोंडपाठ होता. टेबलावर चमचे मांडून तिनं आप्पांना समजावलं, जपानी कुठून उतरले, आमच्या घराजवळच्या टेकड्यांवर काय झालं, पाण्याचे साठे कसे हातचे गेले.

आप्पा नीट ऐकत होते. मग म्हणाले, "ह्यात आपल्या लोकांचं काय लिवलंय गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग इथल्या बोलीत म्हणाली, "नॉट मच लाह, आजोबा."

क्रांजीच्या स्मारकाला आम्ही आधी गेलो. तिथल्या भिंतींवर बेपत्ता शिपायांची नावं कोरलेली आहेत. आप्पा चष्मा पुसून पुसून वाचत राहिले. आजोबांचं नाव आम्हाला सापडलं नाही. आम्ही चुकीच्या ठिकाणी शोधलं असेल, किंवा स्पेलिंग वेगळं असेल, असं मी म्हणाले. "असंल," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फॅरर पार्कला गेलो. मसाले आणि भाज्या घ्यायला मी लिटल इंडियात जाते, तिथून चालत जाण्याइतकं जवळ. कितीदा या मैदानाच्या कडेनं पिशव्या घेऊन गेले असेन. शिपायांना हात वर करायला सांगितलं ते मैदान हेच, हे मला आप्पा यायचे म्हणून वाचायला बसले तेव्हा कळलं. हिरवं गवत, भोवती उंच इमारती, दोन-चार मुलं फुटबॉल खेळत होती. तिथे आता नवी घरं होणार आहेत, असं मी सांगितलं.

आप्पांनी घरून तीळ आणि दर्भ आणले होते. चपला काढून ते गवतात गेले, तांब्या मांडला, दक्षिणेकडे तोंड करून बसले. मी त्यात बाटलीतलं पाणी ओतलं. त्यांनी ओंजळ भरून पुढे केली. मी वाट पाहत राहिले. ओंजळ तशीच राहिली, पाणी बोटांतून गळून गेलं.

"काय झालं आप्पा?"

"नाव घेऊन सोडायचं असतं पाणी. वडील म्हणून ज्याचं नाव घ्यायचं, त्यानं हात वर केला का खाली ठेवला तेबी मला म्हाईत न्हाई."

"त्यानं काय फरक पडतो? तुमचेच वडील ना."

"तुला न्हाई पडायचा." ते रागावले नव्हते. "मला वाटलं हुतं, हितं आल्यावर आपसूक कळंल. बसलो तर काय नुसतं गवात."

पुन्हा प्रयत्न करा, असं मी म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना एकट्यानं उठता येईना, गुडघे धरले होते. मी काखेत हात घालून उठवलं तेव्हा जाणवलं, किती हलके झाले होते ते. चालताना एकदाच बोलले, "आईचं बराबर हुतं. तिनं यायचं नावच काढलं न्हाई."

उरलेले दिवस ते खिडकीशी बसून राहिले. लेकीनं त्यांना संग्रहालय दाखवायचं ठरवलं होतं, त्यांनी नको म्हटलं. विमानतळावर आत जाताना त्यांनी वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून त्यांनी हा विषय काढलेला नाही. लहानपणापासून मी त्यांच्या तोंडून एक ऐकत आले होते, "एकदा सिंगापूरला जाऊन यायला पायजे." सणाला म्हणत, आजारपणात म्हणत. ते जाऊन आले नव्हते तोवर कुठंतरी विचारायला जागा होती. ती मीच तिकीट काढून संपवली. मी नाही काढलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, हेही खरंच.

आता रविवारी फोन करते. पाऊस आहे का, जेवलात का, गुडघे कसे आहेत. ते हो-नाही म्हणतात. मध्येच गप्प होतात आणि मला वाटतं लाइन तुटली. "आप्पा?" मी विचारते.

"हाय की," ते म्हणतात.