ओडेसाकाकांची तिप्पट मागणी

ओडेसाकाकांना एक चहा हवा असला की ते तीन सांगत. कँटीनवाला तिन्ही आणून ठेवी आणि उरलेले दोन मला प्यावे लागत. माझी अॅसिडिटी त्यांच्यामुळेच सुरू झाली, असं माझं ठाम मत आहे.

काका मूळचे वेंगुर्ल्याचे. तरुणपणी एका जहाज कंपनीने त्यांना सोव्हिएत अमलातल्या ओडेसा बंदरात धाडलं आणि त्यांनी तिथे बारा वर्षं काढली. तिथे दोर असो की खिळा, सगळं सरकारी कमिटीकडे मागायचं. तीन दोर मागितले तर एक मिळे. एकच मागणारा वर्षभर हात चोळत बसे. क्रेनवाला तर कमिटीलाही जुमानत नसे. "दोन पुडे चहावर अख्खं जहाज रिकामं करून घेतलंय मी," काका अभिमानाने सांगत. रांग दिसली की आधी उभं राहायचं, कशाची ते मागाहून विचारायचं, ही सवयही तिथलीच. एकदा दुबईच्या देरा भागात असेच उभे राहिले आणि रक्तदान करून आले.

दुबईत आम्ही दोघं जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळत होतो. काकांनी बारा बादल्यांसाठी छत्तीस मागवल्या आणि संध्याकाळपर्यंत छत्तीस हजर. "मागितलं की देतात! अशाने धंदा कसा चालायचा, हबीबी?" काका हवालदिल झाले. पुढे साहेब शहाणे झाले. काकांच्या कागदावरचा आकडा तीनने भागूनच ते सही करू लागले आणि सगळं सुरळीत चाललं.

मग दोन हजार आठची मंदी आली. जहाजं बंदराबाहेर नांगर टाकून बसली. किती माणसं लागतात ते प्रत्येक खात्याने लेखी द्यावं, असा साहेबांचा हुकूम सुटला. माझी मुलगी तिथल्याच ऊद मेथा भागातल्या शाळेत दहावीला होती. नोकरी गेली की व्हिसा खलास, म्हणजे बोर्डाच्या तोंडावर तिला घेऊन परत जायचं.

"काका, या वेळी तरी खरं लिहा," मी गयावया केली. "सहा लिहिलंत तर या मंदीत ते भागत बसणार नाहीत, चिडून खातंच बंद करतील."

"सवय नाही रे मला," काका म्हणाले. तरी माझ्या शब्दाखातर त्यांनी लिहिलं: दोन.

साहेबांनी नेहमीप्रमाणे तीनने भागलं. धड एक माणूसही येईना, म्हणून उदार होऊन त्यांनी एक मंजूर केला. आम्ही धावत गेलो तोवर आकडा हेड ऑफिसला पोचला होता. साहेबांनी कपाळाला हात लावला. "काका, आपने सच लिखना कब से शुरू किया?"

काकांनी टेबलावरचं पेन उचललं आणि ठेवायच्या माणसाचं नाव लिहून दिलं. नाव माझं होतं. मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही.

मुलगी दुबईतूनच दहावी झाली. निकाल सांगायला मी वेंगुर्ल्याला परतलेल्या काकांना फोन केला. काका खूश झाले, मग म्हणाले, "आणि तुझी नोकरी रे?"

"आहे, काका," मी म्हणालो. फोन ठेवून मी कँटीनवाल्याला तीन चहा सांगितले.