लिली आणि तिचा न येणारा भुंगा

सुधीर गेल्याचा फोन आला, तेव्हा पलीकडचा माणूस आधी हिंदीत, मग बंगालीत, मग इंग्रजीत तेच सांगत राहिला. मला तिन्ही भाषा येतात. एकीतही कळेना. ऑफिसच्या जिन्यात माझा नवरा कोसळला होता आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं... महिना उलटला, अजूनही मला ते नीट कळलेलं नाही.

तो वनस्पतींच्या सरकारी खात्यात. बदलीवर कोलकात्याला आलो आणि हुगळीपलीकडच्या बागेतल्या, परातीएवढ्या पानांच्या पाणलिलीचं त्याला वेडच लागलं. एकदा बाग बंद झाल्यावर मला हट्टाने तळ्यावर नेलं. काठाजवळ एक पांढरं फूल उमलत होतं. "हात लाव, कोमट आहे," म्हणाला आणि व्याख्यान सुरू झालं. तिच्या मूळ देशात, अ‍ॅमेझॉनकाठी, वासावर एक भुंगा येतो, आत शिरतो, फूल मिटतं. दुसऱ्या संध्याकाळी ते गुलाबी होऊन उघडतं आणि परागांनी माखलेला भुंगा दुसऱ्या पांढऱ्या फुलाकडे जातो. "आणि इथे?" मी विचारलं. "इथे तो भुंगाच नाही. तरी ही तापते, वास सोडते, मिटते... रिकामीच."

मी चिडले. "म्हणजे वाट बघायची ती बाईनेच!" तो खूप हसला. घरी पोचेपर्यंत त्याची तुलना चालू होती. लिली जागा सोडत नाही, भुंग्याला पंख. लिलीला तोच हवा, त्याला हे फूल नाही तर ते. "आपल्यात भुंगा तू. पुण्याची गाडी दिसली की उडशील. मी आपला इथेच चिखलात." खोटं बोललास रे. साफ खोटं.

मुलगी रोज फोनवर विनवते, "आई, पुण्याला ये. तिथे तुझं कोण आहे?" कोणी नाही. पण न्यू टाउनचं हे घर सोडलं तर तो येईल कुठे? हा वेडेपणा आहे हे मला कळतं, आणि कळून काडीचा उपयोग होत नाही.

संध्याकाळी त्याच्या यायच्या वेळेला मी बाहेरच्या दाराची कडी काढून दार उघडं ठेवते. काल समोरच्या शिखादी आल्या. त्याला नेलं त्या दिवशी माझा हात धरून बसल्या होत्या त्या. "बौदी, दरजा खोला केनो?" वहिनी, दार उघडं का, म्हणून विचारत होत्या. हवेसाठी, असं सांगणार होते. तोंडातून निघालं, "उनी आसबेन." ते यायचेत.

दार होतं तसंच ठेवून शिखादी हळूच आपल्या घरी गेल्या.